‘आमचीच कुस्ती खरी’ म्हणणारी जपानी कंपनी का बुडाली?

टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई लागलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे, सगळं आधीच ठरलेलं असतं ते.’ बघणारा पोरगा उसळतो, ‘पण लागतं की खरंच!’ दोघांचंही बरोबर असतं, म्हणून हा वाद मिटत नाही. ज्या पिढीने लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळताना छाती आणि बायसेप्सचे आकडे पाठ केले, ती तर अजूनही याबाबत जरा हळवी आहे.

नव्वदच्या दशकात जपानमध्ये एका कंपनीने नेमका या वादावरच धंदा उभा केला. बाकीच्यांची लुटुपुटूची, आमची खरी, अशी तिची सगळी मांडणी होती. तिने मोठमोठी मैदानं भरली आणि साडेपाच वर्षांत गाशा गुंडाळला. तिचं नाव यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल; जपानी चाहते तिला ‘यू-इंटर’ म्हणत. ती स्वतः बुडाली, पण जाता जाता जपानमध्ये एमएमएची, म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती, ज्यूदो असं सगळं चालणाऱ्या लढतींची लाट उठवून गेली.

आधी मुळापासून: हा प्रकार आहे तरी काय?

व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. दोन्ही पैलवान एकमेकांना सांभाळून घेतात. उचलून आपटताना आपटणारा जितकी काळजी घेतो, तितकीच पडणाराही घेतो. यात फसवणूक असते असं नाही. ते एक अवघड कसब आहे आणि त्यात हाडं खरोखर मोडतात. एवढं मान्य केलं की पुढची गोष्ट सोपी होते.

जपानमध्ये हा खेळ रिकिदोझान या माजी सुमो मल्लाने रुजवला. १९५३ मध्ये त्याने कंपनी काढली. १९५४ मध्ये त्याच्या लढती टीव्हीवर दिसू लागल्या आणि चौकाचौकात ठेवलेल्या टीव्हींसमोर माणसांचे थवे जमले. युद्ध हरून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि पडद्यावर एक जपानी गडी धिप्पाड गोऱ्यांना हाताच्या कडेने झोडपत होता. (दारा सिंगमुळे आपल्या आजोबांना ठाऊक असलेल्या किंग काँगलाही या रिकिदोझानने १९५५ मध्ये हरवलं होतं.) १९६३ मध्ये त्याला कोणीतरी भोसकलं आणि त्यात तो गेला. त्याच्या दोन पट्टशिष्यांनी १९७२ मध्ये आपापल्या चुली मांडल्या. जायंट बाबाने ‘ऑल जपान’ काढली, अंतोनियो इनोकीने ‘न्यू जपान’.

इनोकीचा हेका असा की व्यावसायिक कुस्ती हीच जगातली सगळ्यात दमदार लढत आहे. ते सिद्ध करायला त्याने १९७६ मध्ये टोकियोत थेट मुहम्मद अलीला रिंगमध्ये उतरवलं. ती लढत ठरवलेली नव्हती, म्हणूनच कमालीची कंटाळवाणी झाली. इनोकी पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. सामना बरोबरीत सुटला, अलीचे पाय सुजले आणि प्रेक्षक वैतागले. खरी लढत बघायला मजेदार असेलच असं नाही, हा धडा त्या दिवशीच मिळाला होता. कोणी घेतला नाही.

बैठका, जोर आणि कार्ल गॉच

इनोकीच्या तालमीत एक माणूस फार महत्त्वाचा होता, कार्ल गॉच. मूळचा बेल्जियमचा, इंग्लंडमध्ये विगनच्या बिली रायली यांच्या तालमीत तयार झालेला. ही तालीम म्हणजे हातपाय मुरगळून, सांधे अडकवून समोरच्याकडून हार कबूल करून घ्यायची जुनी इंग्लिश विद्या. जपानी चाहते गॉचला ‘कुस्तीचा देव’ म्हणत.

त्याची मेहनत मात्र आपल्याकडच्या कोणत्याही वस्तादाला ओळखीची वाटेल. वजनं उचलण्यापेक्षा शेकड्यांनी बैठका, जोर, मुद्गल फिरवणं आणि मानेची ताकद वाढवायला डोकं जमिनीला टेकवून अंगाची कमान करणं. त्या बैठका जपानच्या तालमींत आजही ‘हिंदू स्क्वॅट’ म्हणूनच मारल्या जातात.

गॉचच्या हाताखालून योशिआकी फुजिवारा, सातोरू सायामा, आकिरा माएदा, नोबुहिको ताकादा अशी पोरं गेली. सकाळी तालमीत ही पोरं एकमेकांशी खरीखुरी झुंजायची. जो सरस, तोच वर. संध्याकाळी रिंगमध्ये मात्र ठरलेल्या माणसाकडून हरायचं. सकाळची कुस्ती लोकांना का दाखवायची नाही, हा प्रश्न त्यांना पडला नसता तरच नवल.

शूट स्टाईल: ठरलेलं, पण कसं ठरलेलं?

त्यातून जी पद्धत निघाली तिला शूट स्टाईल म्हणतात. या लेखात लक्षात ठेवायची परिभाषा एवढीच. खऱ्या लढतीसारखी दिसणारी, पण निकाल ठरलेली कुस्ती.

यात दोरांवर धावून परत उसळी मारणं नाही, खांबावरून उड्या नाहीत, मुखवटे नाहीत, खुर्च्या नाहीत. लाथा खऱ्या बसतात. सांध्याला लावलेली पकड दुखेल इतकी घट्ट असते, मोडेल इतकी नसते.

दोन गवय्यांची जुगलबंदी आठवा. कोणती तान कधी येणार हे लिहून ठेवलेलं नसतं, एकमेकांना खिंडीत पकडायची चढाओढही खरी असते. पण समेवर दोघांनी एकत्र यायचं आहे हे दोघांना ठाऊक असतं. शूट स्टाईलमधला निकाल म्हणजे ती सम.

एक नाव, तीन जन्म

हा भाग भरभर सांगतो, कारण यात भांडणंच जास्त आहेत. १९८४ मध्ये न्यू जपानमधून फुटून पहिली यूडब्ल्यूएफ निघाली. दीड वर्षात पैसे संपले आणि मंडळी परत इनोकीकडे आली. नोव्हेंबर १९८७ मध्ये सांघिक लढत चालू असताना माएदाने, दुसऱ्याच मल्लाला पकडून उभ्या असलेल्या रिकी चोशूच्या तोंडावर मागून लाथ घातली. ठरल्यापेक्षा फारच जोरात. डोळ्याखालचं हाड मोडलं. न्यू जपानने माएदाला हाकललं, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. चला, एक तरी खरा माणूस सापडला!

मे १९८८ मध्ये त्याने दुसरी यूडब्ल्यूएफ काढली तेव्हा पहिल्या कार्यक्रमाची तिकिटं काही मिनिटांत संपली. पुढच्या वर्षी त्यांनी टोकियो डोम भरला. मग पैशांचे हिशेब, मानापमान, आणि १९९१ च्या सुरुवातीला तीन तुकडे. माएदाने ‘रिंग्स’ काढली, फुजिवाराने स्वतःच्या नावाची कंपनी, आणि उरलेली बहुतेक तरुण पोरं ताकादाच्या मागे गेली. ती यू-इंटर. १० मे १९९१ रोजी कोराकुएन हॉलमध्ये तिचा पहिला कार्यक्रम झाला.

यू-इंटरची गंमत कशात होती?

पहिली गोष्ट नियम. प्रत्येकाला सुरुवातीला १५ गुण. पकडीतून सुटायला दोर धरला की एक गुण गेला. लाथ खाऊन खाली पडलं आणि पंचाने मोजायला सुरुवात केली की तीन गेले. शून्यावर आलं की हरलं. चितपट हा प्रकारच नव्हता. पाठ टेकली म्हणून कोणी हरत नसे. नेहमीच्या व्यावसायिक कुस्तीत दोर धरणं फुकट असतं, इथे त्याची किंमत लागू झाली. पाटीवरचे गुण उतरताना बघणाऱ्याच्या पोटात गोळा येई.

दुसरी गोष्ट बाहेरचे पाहुणे. डिसेंबर १९९१ मध्ये ताकादासमोर ट्रेव्हर बर्बिक उभा राहिला, माजी जागतिक हेवीवेट विजेता आणि अलीला शेवटच्या लढतीत हरवणारा बॉक्सर. ताकादाने त्याच्या मांड्यांवर सपासप लाथा मारल्या. बर्बिक पंचाकडे वळून तक्रार करू लागला, कमरेखाली मारायचं नाही असं ठरलं होतं म्हणून. पंचाने काही मनावर घेतलं नाही. आणखी काही लाथा खाऊन पहिल्याच फेरीत बर्बिक दोरांमधून खाली उतरला आणि तडक चालू लागला. यात काय ठरलं होतं आणि काय नव्हतं, हे त्या दिवशी बर्बिकलाही कळलं नसावं.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये कोजी किताओ आला. हा सुमोतला माजी योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल. त्याच्या बाजूशी बरोबरीचं ठरलं होतं, असं नंतर सांगितलं गेलं. प्रत्यक्षात तिसऱ्या फेरीत ताकादाची लाथ डोक्यावर बसली आणि तो धिप्पाड गडी कोसळला. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या व्हेडर या मल्लाविरुद्धच्या लढतीसाठी कंपनीने मेइजी जिंगू हे बेसबॉलचं उघडं मैदान घेतलं आणि चाळीस हजारांहून जास्त लोक थंडीत बसून बघत राहिले.

तिसरी गोष्ट तोंडाळपणा. १९९४ च्या सुरुवातीला कंपनीने पत्रकार परिषदेत टेबलावर दहा कोटी येनच्या नोटांची थप्पी रचली आणि इतर कंपन्यांच्या अव्वल मल्लांना नावानिशी आव्हान दिलं. या, जिंका, घेऊन जा. कोणी आलं नाही. येणारच नव्हतं; दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याने ठरवलेल्या निकालासाठी कोण येईल? पण फोटो मात्र झकास आला.

‘मग बघणारे काय मूर्ख होते?’

हा आक्षेप नेहमी येतो. माझ्या मते उत्तर नाही असंच आहे. तेव्हा इंटरनेट नव्हतं. खरी लढत दिसते कशी, हे बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. बॉक्सिंगमध्ये पकड नाही, ज्यूदोत ठोसा नाही. दोन्ही एकत्र आलं तर काय होईल याची प्रत्येकाच्या मनात फक्त कल्पना होती. यू-इंटरने त्या कल्पनेला सगळ्यात जवळचं चित्र दाखवलं. शिवाय मेहनत खरी, जखमा खऱ्या. संशय यायचा तरी कुठून?

या चाहत्यांची निष्ठा इतकी की त्यांना ‘यूचे भक्त’ म्हटलं जाई. इतर कंपन्यांचे चाहते आपल्याला काय दाखवलं जातंय हे मनातून जाणून असत आणि तरी मजा घेत. भक्तांना ती सोय नव्हती, कारण त्यांना तिकिटाबरोबर सत्याची हमी विकली गेली होती.

‘सरळ खऱ्याच कुस्त्या लावायच्या होत्या!’

बोलायला सोपं आहे. फुजिवाराकडून फुटलेल्या मासाकात्सू फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी १९९३ मध्ये ‘पॅनक्रेस’ काढून हेच केलं. निकाल न ठरवता लढती. पहिल्या कार्यक्रमातल्या पाचही लढती मिळून १३ मिनिटं ५ सेकंदांत आटोपल्या. लोकांनी तिकीट काढून, गाड्या बदलून यावं आणि कोट काढेपर्यंत घरी जायची वेळ व्हावी, असा प्रकार. तिथे लोकांनी ते नवल म्हणून डोक्यावर घेतलं, पण ज्याला दर महिन्याला मोठं सभागृह भरायचंय त्याच्या पोटात यानं धस्सच होईल.

दुसरी अडचण त्याहून मोठी. खऱ्या लढतीत तुमचा हिरो हरू शकतो. यू-इंटरच्या सगळ्या पोस्टरांवर ताकादाच होता. तो पडला तर दुकान बंद. त्यामुळे खऱ्या लढतीचं फक्त चित्र विकणं हाच या धंद्याचा हिशेब होता, आणि बाजारात खरा माल येत नाही तोवर तो हिशेब बरोबरच होता.

लॉस एंजेलिसमधलं बंद दार

खरा माल नोव्हेंबर १९९३ मध्ये आला. अमेरिकेत डेन्व्हरला ‘यूएफसी’ ही खऱ्या एमएमए लढतींची पहिली स्पर्धा झाली आणि ब्राझीलच्या रॉइस ग्रेसी या सडपातळ तरुणाने धटिंगणांना एकामागून एक जमिनीवर लोळवून हार कबूल करायला लावली. घरचे सांगत, आमचा रिक्सन याहून पुष्कळ भारी आहे. तोच रिक्सन ग्रेसी १९९४ मध्ये जपानला आला, सायामाने भरवलेली स्पर्धा सहज जिंकला आणि गेला.

यू-इंटरला हे झोंबलं. जगात सगळ्यात दमदार आम्ही, असं छापून बसलेल्यांना गप्प राहणं परवडणार नव्हतं. निकाल ठरवलेल्या कुस्तीत भाग घ्यायला रिक्सनने नकार दिल्यावर योजी आंजो या मल्लाने जाहीर केलं की आपण त्याला दोनशे टक्के हरवू. ७ डिसेंबर १९९४ रोजी तो जपानी पत्रकारांना घेऊन लॉस एंजेलिसमध्ये रिक्सनच्या तालमीच्या दारात उभा राहिला. रिक्सनला घरून बोलावून घेतलं गेलं. त्याने पत्रकारांना बाहेर ठेवून दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने आंजो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा सुजून रक्ताने माखला होता. आतलं कोणत्याही पत्रकाराने पाहिलं नव्हतं, पण त्या चेहऱ्याचे फोटो जपानी कुस्ती मासिकांत छापून आले आणि पुढे काही सांगायची गरज उरली नाही.

मला वाटतं, कंपनी मेली ती याच दिवशी. पुढची दोन वर्षं नुसता श्वास चालू होता. निकाल ठरवणं ही तिची चूक नव्हती, सगळेच ठरवत होते. चूक ही की जिथे निकाल ठरवता येत नाही तिथे जाऊन तिने आव्हान दिलं.

९ ऑक्टोबर १९९५

१९९५ मध्ये सगळंच घसरलं. कंपनीवर कर्ज चढलं. ताकादा जुलैत संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. ऑगस्टमध्ये कियोशी तामुरा या तरुण मल्लाने भर रिंगमधून माइकवर त्याला विनवलं, ताकादासान, माझ्याशी खरीखुरी लढत करा. आमची कुस्ती खरी म्हणणाऱ्या कंपनीच्या रिंगमध्ये हे वाक्य उच्चारलं गेलं. ताकादाने त्याला उत्तर दिलं नाही.

शेवटी तारणहार म्हणून न्यू जपानच समोर आली, म्हणजे ज्यांना हे लोक आयुष्यभर नाटकी म्हणत आले तेच. तिथे आता सूत्रं रिकी चोशूच्या हातात होती. होय, ज्याचं हाड मोडलं होतं तोच. दोन कंपन्यांची टक्कर ठरली, टोकियो डोममध्ये. ६७ हजार लोक आल्याचं जाहीर झालं. न्यू जपानने आठ लढतींपैकी पाच जिंकल्या.

मुख्य लढतीत न्यू जपानच्या केइजी मुतोने ताकादाचा पाय पिळून त्याला खाली आणलं आणि ‘फिगर फोर’ लावला. म्हणजे दोघांचे पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखे गुंततात ती पकड. जपानमध्ये ही पकड पोराटोरांना ठाऊक, कारण १९६३ मध्ये डिस्ट्रॉयर नावाच्या मुखवटाधारी अमेरिकनाने ती रिकिदोझानला लावली होती आणि ती लढत अर्ध्याहून जास्त देशाने टीव्हीवर पाहिली होती. जुन्या, नाटकी, शाळेच्या मैदानावर पोरं एकमेकांना लावतात अशा डावाला यूचा राजा हार कबूल करून बसला. हा निकाल ठरवणाऱ्याने डावसुद्धा विचार करूनच निवडला असणार.

जानेवारीत ताकादाने मुतोकडून न्यू जपानचा विजेतेपदाचा पट्टा घेतला, एप्रिलमध्ये तो त्यांच्याच शिन्या हाशिमोतोकडे गमावला. डोम प्रत्येक वेळी गजबजलेला, पण ताकादा तिथे पाहुणाच. तामुराने या टकरींत उतरायला साफ नकार दिला आणि तो माएदाकडे निघून गेला. २७ डिसेंबर १९९६ रोजी, सुरुवात झाली त्याच कोराकुएन हॉलमध्ये, यू-इंटरचा शेवटचा कार्यक्रम झाला.

‘म्हणजे ही पोरं कच्चीच होती?’

ताकादाकडे बघून तसं वाटेल. ऑक्टोबर १९९७ मध्ये रिक्सनशी त्याची लढत व्हावी म्हणूनच ‘प्राइड’ ही स्पर्धा जन्माला आली. पाच मिनिटांच्या आत ताकादाने हार कबूल केली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. प्राइडमधल्या त्याच्या एखाद-दुसऱ्या विजयाकडे तर आजही संशयाने पाहिलं जातं.

पण यू-इंटरच्या तालमीत कोपऱ्यात घाम गाळणारा आणखी एक पोरगा होता, काझुशी साकुराबा. कॉलेजात कुस्ती केलेला, अंगाने बेताचा. डोममधल्या त्या टकरीत तो पहिल्याच लढतीत, सगळ्यात कनिष्ठांमध्ये होता, आणि हरलेल्या जोडीत. डिसेंबर १९९७ मध्ये योकोहामाच्या यूएफसी स्पर्धेत त्याच्यापुढे ग्रेसी परंपरेत तयार झालेला, त्याच्याहून कितीतरी वजनदार मार्कस सिल्व्हेरा आला. पंचाने घाईने लढत थांबवून साकुराबाला हरलेला ठरवलं. तो तिथून हलेना. निकाल रद्द झाला, त्याच रात्री पुन्हा लढत लागली आणि त्याने सिल्व्हेराचा हात अडकवून हार कबूल करून घेतली. माइक हातात आल्यावर तो म्हणाला की व्यावसायिक कुस्तीगीर खरं तर दमदार असतात.

पुढे प्राइडमध्ये त्याने ग्रेसी घराण्यातले एकेक गाठले. १९९९ मध्ये रॉयलर. १ मे २००० रोजी रॉइस, तब्बल दीड तास, शेवटी रॉइसच्या बाजूने टॉवेल पडला. ऑगस्टमध्ये रेन्झो, ज्याचा कोपर निखळला तरी त्याने हार म्हटलं नाही. डिसेंबरमध्ये रायन. रॉयलर आणि रेन्झोला ज्या डावाने त्याने नमवलं तो हात मागे मुरगळण्याचा डाव विगनच्या जुन्या विद्येतही होता. ब्राझीलवाले त्याला ‘किमुरा’ म्हणतात, कारण मासाहिको किमुरा या जपानी ज्यूदोपटूने १९५१ मध्ये रिओत रॉयलर, रॉइस आणि रिक्सनच्या बापाचा, हेलिओ ग्रेसीचा हात त्याच डावाने मोडला होता. तोच किमुरा १९५४ मध्ये रिकिदोझानशी ठरलेल्या कुस्तीला उभा राहिला. ठरलेलं बिनसलं आणि त्याने बेदम मार खाल्ला.

आज काय उरलं?

तामुराला त्याची लढत मिळाली, सात वर्षांनी. २४ नोव्हेंबर २००२ रोजी प्राइडमध्ये ताकादाच्या निवृत्तीच्या लढतीला तोच समोर उभा होता आणि दुसऱ्या फेरीत त्याच्या एका ठोशाने ताकादा आडवा झाला. प्राइड स्वतः २००७ मध्ये यूएफसीच्या मालकांना विकली गेली आणि संपली.

यूची कुस्ती मात्र पुरती गेलेली नाही. जपानमध्ये ‘ग्लीट’ नावाची नवी कंपनी आहे. तिच्या कार्यक्रमांत नेहमीच्या लढतींबरोबर यूडब्ल्यूएफच्या नियमांनी, गुणांच्या पाटीसकट लढती लावल्या गेल्या, आणि सुरुवातीच्या काळात त्या कामाची जबाबदारी तामुराकडे होती. यूट्यूबवर शोधलंत तर सापडतील. सुरुवात करायची तर जुन्यांपैकी तामुराच्या लढती बघा. जमिनीवर त्याच्याइतका चपळ माणूस त्या रिंगमध्ये दुसरा नव्हता.